नऊ वर्षांच्या मुलीला क्राइम मालिकेत एका भागाचं काम आलंय, पाठवू का?

प्रश्न नागपूरच्या मानेवाड्याच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. उन्हाळी नाट्यशिबिरात तिने काम केलं, कुणीतरी मोबाइलवर घेतलेली क्लिप फिरत फिरत मुंबईच्या एका कोऑर्डिनेटरकडे, म्हणजे मालिकांना कलाकार मिळवून देणाऱ्याकडे गेली, आणि आता एका हिंदी क्राइम मालिकेच्या एका भागात पळवून नेलेल्या मुलीचं काम आलंय. तीन दिवसांचं शूटिंग. पोरगी घरभर नाचतेय, बाबा नको म्हणतात, आजी म्हणते असलं अभद्र काम लेकराला कशाला. आईने दोन गोष्टी विचारल्यात: तिच्या मनावर परिणाम होईल का, आणि नाही म्हटलं तर संधी जाईल का.

मी नागपुरात २१ वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेते. राज्य बालनाट्य स्पर्धेत मुलं उतरवते, आणि अधूनमधून एखाद्या पोराचं मुंबईचं काम निघालं तर आईबापाच्या सोबत सेटवर जाते. तेवढ्या अनुभवावरून लिहिते.

ताई, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते, कारण तो सोपा आहे. संधी जाणार नाही. सीआयडी १९९८ ला सुरू झाली, वीस वर्षं चालली, २०१८ ला थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरात परत आली. क्राइम पेट्रोल २००३ पासूनचं. अशा मालिकांत पोलीस किंवा निवेदक तेच राहतात, पण प्रत्येक प्रकरणाला घर नवं, मेलेला नवा, संशयित नवे. घर नवं म्हटलं की त्यात एखादं लेकरू लागतंच. एकदा दिसलेला चेहरा लगेच पुन्हा घेता येत नाही, म्हणून त्यांना सारखी नवी मुलं हवी असतात. "आत्ता हो म्हणा, दुसरी पोरगी तयार आहे," असं तो कोऑर्डिनेटर म्हणाला असेल तर तो खोटं बोलत नाहीये. दुसरी पोरगी खरंच तयार असते. पण पुढच्या महिन्यात दुसरा भागही तयार असतो. निवड झाली म्हणून पेढे वाटा, पण हे तीन दिवसांचं काम आहे एवढंच समजून वाटा.

आता पहिला प्रश्न. बरंच काही परिस्थितीवर आहे: सीन काय आहेत, मुलगी कशी आहे, दिग्दर्शक कोण आहे. एखादं लेकरू अंधाराला भीत नाही पण अनोळखी माणसाने हात धरला की दगड होतं, एखाद्याचं उलटं. पण "अपहरणाची भूमिका" ऐकून आपण घाबरतो ते मला चुकीच्या जागी घाबरणं वाटतं. भूमिकेत भीती असणारच. ती भीती मुलीच्या चेहऱ्यावर आणणार कशी, आणि आणणारा कोण, हे विचारायला हवं.

माझंच एक पाप सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी नागपुरातल्या महाल भागातला सात वर्षांचा एक मुलगा मी अशाच एका मालिकेसाठी पाठवला होता. सोबत त्याची आई आणि मी. सीन असा की हा कपाटात लपलाय आणि फटीतून बाहेरचं भयंकर काही बघतोय. सकाळपासून पोराने छान केलं होतं. दुपारी क्लोजअप लागला आणि रडू येईना. चार टेक झाले, जेवणाची वेळ टळत होती. तिथला एक असिस्टंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आईला जरा बाहेर न्या, दोनच मिनिटं." मी नेलं. त्याने पोराला सांगितलं, तुझी आई नागपूरला निघून गेली. पोरगा असा रडला की एका टेकमध्ये शॉट ओके. युनिटने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये त्याने आईच्या ओढणीचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधून ठेवलं. इगतपुरीला ती चहासाठी दारापर्यंत गेली तर हा बर्थवरून उडी मारून किंचाळत मागे. "मॅडम, हा तर मला सोडूनच नाही राहिला," ती म्हणाली, आणि मला तिच्याकडे बघवेना. पुढच्या शिबिरात आला तेव्हा डोळे मिटायचा कुठलाही खेळ खेळायला तो तयार नव्हता. आज बावीसचा आहे, चांगला आहे. नाटकात पुन्हा आला नाही. त्याच कारणाने आला नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्याला दुसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्याला ना त्या कपाटाने काही केलं, ना त्या गोष्टीतल्या खुनाने. खून त्याला माहीत होता, त्यातला चाकू त्याने हातात घेऊन बघितला होता, रबराचा होता. त्याला घाबरवलं ते खऱ्या आयुष्यातल्या खोट्याने.

आणि त्याची गरजच नव्हती, हे मला नंतर कळलं. पडद्यावरची भीती निम्मी एडिटिंगच्या टेबलावर तयार होते. आधी दाराची कडी हलताना दाखवायची, मग मुलाचा चेहरा, मग बूट. मधला चेहरा नुसता स्थिर असला तरी बघणाऱ्याला तो घाबरलेला दिसतो. सीआयडीने २००४ मध्ये १११ मिनिटांचा भाग एका दमात, एकाच शॉटमध्ये केला होता, त्याचं कौतुक आजही होतं. पण ते कौतुक झालं कारण रोजचं काम तसं नसतं. रोजचं काम तुकड्यातुकड्यांचं. मुलीला आधी सुटकेचा सीन द्यावा लागेल आणि पळवून नेण्याचा दुसऱ्या दिवशी. त्या तुकड्यांचा आपल्याला फायदाच आहे, कारण एका तुकड्यापुरतं लेकराला फक्त एक साधं काम सांगता येतं.

मी आता असं करते. मागे तुमच्या मुलीएवढीच एक होती, सीन असा की ती गोडाऊनमध्ये बांधून ठेवलेली, आणि बाहेरून पावलं येतात. मी तिला "घाबर" म्हटलंच नाही. जिना दोनदा धावत चढून ये म्हटलं. मग, बस, आता श्वास सातपर्यंत रोखून धर, डोळे हलवू नको, आणि बाहेर कोण चालतंय ते पायांच्या आवाजावरून ओळख, चप्पल आहे की बूट. छाती धपापतेय, डोळे एका जागी, मान किंचित वळलेली. मॉनिटरवर बघून माझ्याच अंगावर काटा आला. कट झाल्यावर ती म्हणाली, "बूट होते, पण एकाची लेस सुटलेली होती," आणि सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादाकडे पार्ले-जी मागायला गेली. रडायचं असेल तर ग्लिसरीन डोळ्यांत नको, झोंबतं. थेंब गालावर ठेवायला सांगा. क्लोजअपमध्ये तेवढं पुरतं.

दोरीबद्दल. हात मागे बांधायचे असतील तर गाठ दिखाऊ असावी आणि दोरीचं टोक मुलीच्याच मुठीत असावं. ओढलं की सुटलं पाहिजे. हे तिने स्वतः चारदा करून बघितल्याशिवाय कॅमेरा रोल होऊ देऊ नका. तोंडाला चिकटपट्टी मी कुणालाच लावू देत नाही, सर्दी असलेल्या मुलाला तर मुळीच नाही. सैल रुमाल चालतो. पळवणाऱ्याचं काम करणारा नट असतो त्याच्याशी तिची आधी ओळख करून द्या, सीनच्या आधल्या दिवशी किंवा निदान सकाळच्या नाश्त्याला. बहुतेक वेळा तो साधा, दोन पोरांचा बाप निघतो. आमच्या त्या पोरीने तिच्या गुंडाला संत्रा बर्फी खिलवली होती आणि तोंडावर हात कसा ठेवायचा, नाक मोकळं कसं सोडायचं, हे तीच त्याला शिकवत होती.

आणखी एक, थांबायचा शब्द. "नको", "थांबा", "सोडा" हे सगळे संवादातच असतात, ती ओरडली तरी युनिटला वाटेल अभिनय चाललाय. म्हणून स्क्रिप्टमध्ये कधीच येणार नाही असा शब्द ठरवायचा, आणि तो दिग्दर्शक, असिस्टंट, कॅमेरामन सगळ्यांना सांगून ठेवायचा. तो शब्द आला की कट, कारण विचारायचं नाही. शब्द मुलीलाच निवडू द्या. आमच्या पोरीने "ढेमसं" हे भाजीचं नाव निवडलं होतं. तीन दिवसांत दोनदा वापरला, त्यात एकदा नुसतंच तपासायला की खरंच थांबतात का. थांबले. त्यानंतर तिचं काम जे खुललं ते मी बघतच राहिले.

आजींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पूर्ण कथा विचारा: शेवटी मुलगी सुटते की मरते? मरत असेल तर जिवंत लेकराला पांढऱ्या कापडाखाली झोपवायचं का, भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो लावायचा का, हे घरात आधी बोलून घ्या. मी स्वतः अंधश्रद्धाळू नाही, पण आपल्या नातीचा हारवाला फोटो टीव्हीवर बघून एका आजीने दोन दिवस जेवण सोडलेलं मला माहीत आहे. कापडाखाली डमी ठेवता येते, फोटोऐवजी नुसता रिकामा पाट किंवा दप्तर दाखवता येतं. आधी सांगितलं तर बरेच दिग्दर्शक ऐकतात. त्या दिवशी सेटवर अडून बसलात तर कुणी ऐकणार नाही.

फोटोवरून आठवलं. हरवलेल्या मुलीचं पोस्टर लागतं तेव्हा प्रॉडक्शनवाले सोयीसाठी आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा घरचा फोटो मागतात. देऊ नका. त्यांच्या कपड्यांत, त्यांनीच काढलेला फोटो वापरू दे. पोस्टरचा तुकडा कुणी कापून पुढे पाठवला तर तुमच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतील. तसंच पात्राचं नाव तिचं खरं नाव नको. लहान मुलांच्या बाबतीत सवयीने खरंच नाव ठेवतात, हाक मारली की पटकन बघते म्हणून. पण मग तो गुंड तिच्याच नावाने तिला हाक मारतो. नाव बदलायला काही खर्च येत नाही. शाळेचा खरा युनिफॉर्म, बॅज, ओळखपत्र हेही नको.

भाग "सत्य घटनेवर आधारित" असेल तर घरातल्या मोठ्यांना एक सांगून ठेवा: "हे खरंच एका मुलीसोबत झालं होतं हो" असं तिच्यासमोर बोलायचं नाही. खऱ्या प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दोन्ही मनाई करतात, म्हणून नावगाव बदललेलंच असतं. तुमच्या मुलीसाठी ती गोष्टच राहू द्या.

कायद्याचं थोडक्यात, पण पाठच करून जा. बालमजुरी कायदा २०१६ मध्ये बदलला, आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी अटी आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी निर्मात्याने घ्यायची, आईवडिलांची संमती जोडायची, आणि मुलांच्या सुरक्षेला जबाबदार माणसाचं नाव द्यायचं. पाच मुलांमागे किमान एक असा माणूस लागतो. शाळा बुडता कामा नये. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही, हेही नियमात लिहिलेलं आहे. मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा करायची, ती सज्ञान झाल्यावर मिळते.

आता प्रत्यक्षात काय होतं? मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची असते आणि सगळं शेड्युल त्या हिशेबाने लागतं. लेकराला सकाळी सातला बोलवायचं आणि पहिला शॉट दुपारी दोनला, हे मी कैकदा बघितलंय. त्यांच्या हिशेबात ते काम नसतं, वाट बघणं असतं. लेकरू मेकअपला बसल्यापासून मी मोजते आणि मोबाइलवर वेळ लिहून ठेवते. भांडायला नाही. चार तास झाले की जबाबदार माणसाला जाऊन हसत सांगते, भाऊ, एक तास उरलाय. क्राइमवाल्यांना रात्र फार आवडते, पण खोलीतली रात्र दिवसाही होते, खिडक्यांना काळं कापड लावलं की झालं. ते आधीच मागून घ्या.

पैशाचं पटकन सांगते. ऑडिशनसाठी, कलाकाराच्या कार्डासाठी, "रजिस्ट्रेशन"साठी कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या, तिथे काम नाहीच. अल्पवयीन मुलाचा करार कायद्यात टिकत नाही, म्हणून सही तुमची असते. सही करण्याआधी कोऑर्डिनेटरचं कमिशन किती आणि पैसे कधी, हे त्यात आहे का बघा. नव्वद दिवसांनी चेक हा या धंद्यातला नेहमीचा रिवाज आहे. मुलीचं पॅन कार्ड काढून ठेवा. आणि बाहेरगावच्या कलाकारालाही बऱ्याचदा मुंबईचाच धरतात, म्हणजे गाडीभाडं आणि राहणं तुमच्या खिशातून. नायगावला किंवा मीरा रोडला सेट असेल तर तिथेच जवळ राहा. एक दिवस आधी पोचा, दुरंतोतून उतरून थेट सेटवर नेलेलं पोर दुपारी आडवं होतं. तिघांचा खर्च काढला तर या कामातून काही उरेलच असं नाही. हे आत्ताच माहीत असलेलं बरं, म्हणजे "एवढा खर्च केलाय, नीट कर" हे वाक्य तिसऱ्या दिवशी तोंडातून निघणार नाही.

तयारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. घरी संवाद घोकून घेऊ नका. आई चालीवर शिकवते, पोरगी त्याच चालीवर म्हणते, आणि सेटवर ते स्नेहसंमेलनातल्या भाषणासारखं ऐकू येतं. सीन गोष्टीसारखा सांगा, शब्द तिचे तिला बसवू द्या. आपल्या मुलांना नागपूरच्या देशपांडे सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते आणि इथे कॅमेरा दोन हातांवर. मी म्हणते, शेजारी बाळ झोपलंय असं समजून बोल. त्याने निम्मं काम होतं.

आणि आपली हिंदी! "मेरेको पानी होना" म्हटल्यावर एका सेटवर सगळे हसले, पोरगी नंतर तासभर तोंड उघडेना. लिहिलेला संवाद शुद्ध बोलायला शिकवा, पण तिच्या बोलण्यावर घरी करवत चालवू नका. मी आधीच सांगून ठेवते, तिकडचे लोक आपल्या हिंदीला हसतात, आपणही त्यांच्या मराठीला हसायचं.

भाग लागेल तेव्हा पहिल्यांदा दिवसा बघा, ती सोबत असताना, आणि तिलाच सांगू द्या कुठे काय गंमत झाली होती. शाळेत बाईंना आधी कल्पना द्या, नाहीतर "हिला पळवलं होतं" हे चिडवणं महिनाभर चालतं. यूट्यूबवर असे भाग भडक शीर्षकं आणि भडक चित्रांसकट वर्षानुवर्षं पडून राहतात. म्हणून सीन वाचताना एक प्रश्न स्वतःला विचारा: ही सोळा वर्षांची झाल्यावर वर्गातल्या कुणी हे शोधून काढलं तर तिला काय वाटेल? अंगाशी झोंबाझोंबी, कपडे, असलं काही सूचित होत असेल तर मी दुसरा विचार न करता नाही म्हणते.

तर तुमच्या जागी मी असते तर? तिचे सगळे सीन लेखी मागितले असते, "सेटवर देतो" या उत्तरावर थांबले नसते. ते आले, वरच्या गोष्टी मान्य झाल्या, पोरीला अजूनही जायचंच असेल, तर नेलं असतं. यातलं काहीही विचारल्यावर समोरचा चिडत असेल तर तेच उत्तर समजा.

आणि बाबांना सोबत न्या. नको म्हणणाऱ्या माणसाला घरी ठेवून जायचा मोह होतो, पण सेटवर तोच कामाचा असतो. आपण दिवे, व्हॅनिटी व्हॅन, ओळखीचे चेहरे बघून विरघळतो, मी स्वतः विरघळले होते. मॉनिटरशेजारच्या खुर्चीत, मुलीला मान वळवली की दिसेल असे, त्यांनाच बसवा. आणि तो ठरवलेला शब्द त्यांच्याही कानावर घालून ठेवा.